रॅक गेला, गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी

ताई, इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडी मारुती ८००, २००६ ची, चार गिअरची, पॉवर स्टिअरिंग नसलेली. सासऱ्यांनी जपून वापरली, वर्षभरापासून तुमच्याकडं आहे. रोज कोरेगाव ते सातारा शाळेत जाणं-येणं आणि महिन्या-दोन महिन्यांतून मुलांना घेऊन यवतेश्वर, कास. तक्रारी पाच. सत्तरच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते. शाळेच्या फाटकातून डावीकडं पूर्ण वळवताना पुढून कट-कट आवाज येतो. पोवई नाक्याच्या गर्दीत पहिला गिअर पडत नाही आणि रिव्हर्सला खर्रर्र होतं. यवतेश्वरचा घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सुटतो. एका गॅरेजवाल्यानं ट्रायल घेऊन सांगितलं, रॅकही (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी) गेला आणि गिअरबॉक्सही गेला. त्यानं सांगितलेल्या खर्चात तशीच दुसरी ८०० येईल. म्हणून तुम्ही विचारताय, दुरुस्त करू की विकून टाकू?

मी साताऱ्यात तीस वर्षं हेच काम करतोय. गाडी न बघता निकाल देणार नाही, पण एवढं सांगतो की पाच तक्रारी म्हणजे पाच दोष नसतात. तुमचं वर्णन वाचून मला तीनच दोष दिसतात, फार तर चार, आणि त्यात रॅक नाही. गिअरबॉक्स खोलायला लागेलही कदाचित, पण तो सगळ्यात शेवटी.

सुरुवात ब्रेकपासून करू, कारण बाकीचं चालवून घेता येतं, हे नाही. गाडी डावीकडं ओढते म्हटलं की सगळे डावं चाक खोलतात. पण ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, एरवी सरळ चालत असेल, तर बहुतेक वेळा दोष उजवीकडं असतो. डावं चाक आपलं काम नीट करतंय, उजवं पकडतच नाही, म्हणून गाडी पकडणाऱ्या बाजूला फिरते. उलट, ब्रेक न लावताही ओढत असेल तर डावा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचं पॅड दाबणारा भाग) अडकून राहिलाय का ते बघायचं. हे ओळखायला पाना लागत नाही. आठ-दहा किलोमीटर चालवून, शेवटी शक्यतो ब्रेक न मारता थांबायचं आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ तळवा न्यायचा. लगेच टेकवू नका, भाजेल. डावं रिम तापलेलं आणि उजवं कोमट, तर डावा ब्रेक चिकटतोय. दोन्ही सारखीच, तर उजवीकडचं पॅड का पकडत नाही ते शोधायचं.

इथं मला तुमची तिसरी तक्रार आठवते. डावीकडं पूर्ण वळवून ॲक्सिलेटर दिला की कट-कट. हा आवाज एक्सलच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून आवाज बहुधा उजव्या जॉइंटचा. हा जॉइंट आपण होऊन सहसा जात नाही. आधी त्याचं रबर बूट फाटतं, ग्रीस बाहेर पडतं, आत माती-पाणी जातं आणि मग गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजतात. बाहेर पडलेलं ग्रीस चाकाबरोबर फिरून भिरकावलं जातं. कुठं? रिमच्या आतल्या बाजूला, आणि नशीब खराब असेल तर डिस्कवर. डिस्कला ग्रीस लागलं की पॅड घसरतं, उजवा ब्रेक पकडत नाही आणि गाडी डावीकडं ओढते. म्हणजे एका फाटक्या बुटामुळं दोन तक्रारी, आणि रॅकचा त्यात काही संबंध नाही.

खात्री करायला स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवा, गाडी बंद करा आणि उजव्या चाकाच्या मागून टॉर्च मारून बघा. चाकाजवळ लहान कंदिलासारखी चुण्या पडलेली काळी रबरी टोपी दिसेल. चुण्यांच्या खाचेत चीर असेल, भोवती काळं, चिकट, मातीनं माखलेलं ग्रीस उडालेलं असेल, तर झालं निदान. फक्त बूट फाटलंय आणि आवाज नाही अशा वेळी नवं बूट आणि नवं ग्रीस टाकून भागतं. तुमच्याकडं आवाज सुरू झालाय, तेव्हा जॉइंट बदलावा लागेल. ग्रीस लागलेले पॅड धुऊन परत लावू देऊ नका, ते वंगण आत मुरलेलं असतं. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, नाहीतर ओढणं तसंच राहतं, फक्त बाजू बदलते.

बूट धडधाकट निघालं तर पुढची पायरी कॅलिपरच्या सरकत्या पिना. वर्षानुवर्षं ग्रीस न लावल्यानं त्या गंजून बसतात. तेही ठीक असेल तर ८०० ची खास जागा बघायची. या गाडीत स्टॅबिलायझर बारचं (पुढच्या आडव्या लोखंडी दांड्याचं) टोक लोअर आर्ममध्ये (चाक खालून धरणाऱ्या हातात) बसतं आणि तोच बार चाकाला पुढं-मागं जाऊ देत नाही. तिथली बुशं (रबरी अस्तरं) खाल्ली गेली की ब्रेक मारताना चाक किंचित मागं सरकतं, ब्रेक सोडलं की पुढं येतं. गाडी ओढते आणि ब्रेक लावता-सोडताना पायाखाली एकदा ‘टक’ लागतं. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही, पण आता लक्ष देऊन बघा.

थरथरण्याबद्दल फार लिहीत नाही. सत्तरला सुरू होतं, नव्वदला कमी होतं, ब्रेकशी संबंध नाही, अशी थरथर म्हणजे दहात आठ वेळा व्हील बॅलन्सिंग. ऊसतोडीच्या हंगामात कोरेगाव रस्त्यावर ट्रॉल्यांनी आणलेला चिखल रिमच्या आत चिकटून वाळतो, त्यानंही हे होतं. आधी रिम आतून धुऊन घ्या. टायरला गोटी (फुगवटा) आली असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका, टायरच बदला. एक चाचणी मात्र करा. सरळ, मोकळ्या, सपाट रस्त्यावर थरथर सुरू असताना ॲक्सिलेटर सोडून दोन-चार सेकंद न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर चाकांत आहे, नाहीशी झाली तर एक्सलच्या आतल्या जॉइंटकडं किंवा इंजिनाच्या फाउंडेशनकडं (इंजिन ज्या रबरांवर बसवलंय त्यांच्याकडं) बघावं लागेल. घाटात हा प्रयोग अजिबात नाही.

आता रॅक. तो गेला हे ठरवायची रीत आहे आणि ती पाच मिनिटांची आहे. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, इंजिन बंद. तुम्ही स्टिअरिंग इंच-इंच डावी-उजवीकडं हलवत राहायचं, जोर न लावता. दुसऱ्यानं खाली बघायचं. रिंग फिरते पण चाक हलत नाही, असं अंतर किती? एक-दोन बोटं असेल तर या वयाच्या गाडीला चालतं. त्याहून जास्त असेल तर खालचा माणूस हात लावत लावत पुढं जातो. कॉलमच्या (रिंगपासून खाली येणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटला खेळ आहे का, तिथून पिनियनपर्यंत (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापर्यंत) हालचाल पोचते का, रॅक सरकतो का, टाय रॉड (रॅकपासून चाकाकडं जाणारी सळई) सरकतो पण त्याच्या टोकाचा एंड नुसताच डुगडुगतो का. ज्या ठिकाणी एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला पोचत नाही, तो भाग गेला. रॅकवर ठपका येतो आणि निघतो टाय रॉड एंड, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की मोजणं सोडलं.

नंतर पुढची बाजू जॅकवर घ्यायची. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला आणि खाली घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही, मग कितीही घाई असो. चाक डावी-उजवीकडं, म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. वर-खाली, १२ आणि ६ वर धरून हलवा. इथं खेळ लागला तर बॉल जॉइंट (चाकाला लोअर आर्मशी जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. दोघांतलं कोण? कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट स्पष्ट हलत असेल तर गाडी तिथंच उभी करा, गॅरेजलाही चालवत नेऊ नका. या दोन भागांपैकी एक निखळला की चाक आपल्या मर्जीनं फिरतं आणि स्टिअरिंगला काही विचारत नाही.

अलाइनमेंट या सगळ्यानंतर. आमच्याकडं लोक उलटं करतात. आधी मशीनवर गाडी चढवतात, छापील कागद घेतात आणि आठवड्यानं म्हणतात, परत ओढतेय. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट कच्च्या रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते.

गिअरकडं वळतो. इथं लोक घाबरतात, कारण गिअरबॉक्स म्हणजे बंद पेटी. पण पेटी न उघडता तिला पुष्कळ विचारता येतं. पहिला प्रश्न: इंजिन बंद असताना चारही गिअर आणि रिव्हर्स सहज पडतात का? पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर जड जात असतील, तर या तक्रारीत गिअरबॉक्सचा दोष नाही, दोष क्लचमध्ये. क्लच दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण सुटत नाही, आतले दात फिरत राहतात, म्हणून पहिला अडतो आणि रिव्हर्सला खर्रर्र होतं. इंजिन बंद असतानाही दांडा जड असेल तर दांड्याखालचं लिंकेज (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळया), बुशं, गंज तपासायचा.

दुसरा प्रश्न: क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो (दात जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रिंग) नसतो, त्यामुळं घाई केली तर चांगल्या गाडीतही आवाज होतो. पाच सेकंदांनंतरही खर्रर्र झालं तर क्लच सुटत नाही हे नक्की.

८०० ला क्लचची वायर असते. वायर ताणली गेली किंवा तिचे तंतू तुटत आले की पेडल खाली जातं, पण गिअरबॉक्सवरची लिव्हर पुरती हलत नाही. पेडल अगदी तळाला गेल्यावर गाडी उचलत असेल तर ही शक्यता मोठी. क्लचप्लेट घासली गेली असेल तर उलटं होतं, उचल वर-वर येते आणि पुढं चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. तेव्हा आधी तळाचा नट फिरवून वायर ताणून बघा. नटाचे आटे संपले असतील किंवा टोकाशी तारा उसवलेल्या दिसल्या तर नवी वायर टाका. पेडलला थोडी मोकळी चाल राहिलीच पाहिजे. ती ठेवली नाही तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत घासत राहतं आणि प्लेटही लवकर संपते. आणि जुनी पण धड वायर डिकीत ठेवा. वाटेत क्लचची वायर तुटण्यासारखा कंटाळवाणा प्रकार नाही.

वायर नवी टाकूनही गिअर अडत असेल तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारी) बघायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. लक्षात घ्या, उतरवणं वेगळं आणि खोलणं वेगळं. क्लचसाठी तो फक्त खाली घेतात, आतली चाकं कुणी बघत नाही. बिलात ‘गिअरबॉक्स काम’ लिहिलं की दोन्ही एकच वाटतं, म्हणून नेमकं काय केलं ते विचारा. बऱ्याच दिवस उभ्या राहिलेल्या गाड्यांत प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला) गंजून चिकटते. २०२० च्या लॉकडाऊननंतर अशा गाड्यांची माझ्याकडं रांग होती.

आवाजावरूनही कळतं. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. गिअरबॉक्समधून घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर आतल्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग. चालवताना फक्त एकाच गिअरला आवाज येतो तर त्या गिअरचा दोष. सगळ्या गिअरला, ॲक्सिलेटर दिला-सोडला की सूर बदलणारा आवाज असेल तर डिफरन्शियलकडं (दोन्ही चाकांना फिरवण्याचं काम वाटून देणाऱ्या भागाकडं) संशय.

इथं माझी एक चूक सांगतो, कारण ती अजून टोचते. धंद्यात येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, हात साफ झाला होता आणि तोंडही. एक निवृत्त मुख्याध्यापक गाडी घेऊन आले. साठच्या वेगाला घूं घूं. मी ट्रायल घेतली आणि बेधडक सांगितलं, गिअरबॉक्स. खोलला, बेअरिंगं बदलली, परत चढवला. घूं घूं तशीच. गुरुजी काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. दोन दिवसांनी सहज म्हणून मागचे टायर पुढं घेतले, तर आवाज मागून पुढं आला. टायरच्या नक्षीचे दात करवतीसारखे झिजले होते. त्यांच्याकडून मजुरी घेतली नाही, बेअरिंगांचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून घूं घूं आली की मी आधी डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी चालवतो. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर टायर. मग डावी-उजवीकडं हलकं वळवून बघतो, उजवीकडं वळताना वाढला तर डावं बेअरिंग. गिअरबॉक्सचं नाव त्यानंतर.

आता दुसरा गिअर सुटतो ती गोष्ट. घाट उतरताना ॲक्सिलेटर सोडलेला असतो आणि चाकं इंजिनाला ओढत असतात. त्या उलट्या ताणानं आत सिंक्रोचे दात झिजलेले असतील, किंवा गिअर जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग दमले असतील, तर दांडा न्यूट्रलला येतो. पण आधी फाउंडेशन तपासा. त्याचं रबर तुटलं असेल तर इंजिन-गिअरबॉक्स मिळून पुढं-मागं डोलतात आणि दांडा त्यांच्याबरोबर खेचला जातो. बॉनेट उघडून एकानं बाजूला उभं राहायचं, गाडीसमोर नाही. चालवणाऱ्यानं हँडब्रेक आणि ब्रेक धरून पहिल्या गिअरला क्लच उचलण्याच्या बेतात आणायचा, मग तसंच रिव्हर्सला. इंजिन जरासं हलणारच. पण धाडकन उडी मारत असेल तर आधी ते रबर बदला आणि पंधरा दिवस बघा. तरीही गिअर सुटला तर पेटी खोलायची. तोवर घाट पहिल्या गिअरमध्ये हळू उतरा, कासला जाणं लांबलं तरी चालेल. दांडा हातानं दाबून धरून उतरू नका. हाताचं वजन दांड्यावर ठेवायची सवय पुष्कळांना असते, त्यानं आतला फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा) खाल्ला जातो. तुमच्या सासऱ्यांना होती का, विचारून बघा.

पेटी खोलायच्या आधी गिअर ऑइल काढून बघाच. खालचा बोल्ट काढला की ऑइल एका स्वच्छ पत्र्याच्या डब्यात घ्या. ८०० ला गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, जीएल-४ लिहिलेलं ऑइल लागतं. जीएल-५ जास्त भारी म्हणून काही जण टाकतात, पण त्यातली द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगला मानवतात असं नाही. आणि कुणी आवाज दाबण्यासाठी ट्रॅक्टरचं १४० नंबरचं जाड ऑइल भरलं असेल तर थंडीत सकाळी गिअर जड पडणारच. जुनी गाडी विकायला काढताना ही युक्ती करतात. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. करडी, बोटांवर मेणासारखी लागणारी बारीक पूड वयाप्रमाणे असतेच. पण चकाकते तुकडे, पापुद्रे, दाताचा कोपरा असं काही आलं, तर समजा आत खरंच तुटलंय आणि तुमचा गॅरेजवाला अर्धा बरोबर होता.

विकण्याचं म्हणाल तर तुमच्या गाडीला पंधरा वर्षं २०२१ लाच झाली, नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी झालेलं असेल. ती मुदत संपायच्या आत पुढचं ठरवावं लागेल. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि त्यानंतर वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी अजून वाढली. हा खर्च धरून हिशेब करा. पत्रा, विशेषतः पायाखालचा आणि शॉकअपच्या बुडाशी असलेला, गंजला असेल तर मी विका म्हणेन. पत्रा चांगला असेल तर ही गाडी अजून पळेल. सुटे भाग साताऱ्यात नाही मिळाले तर पुण्यात नाना पेठेत मिळतात.

येत्या रविवारी एवढंच करा. टॉर्चनं उजव्या चाकामागचं बूट बघा, इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघा आणि क्लचची वायर ताणून घ्या. नंतर गॅरेजला जाल तेव्हा ‘रॅक बघा’ म्हणू नका. कधी, किती वेगाला, कुठल्या बाजूला, ब्रेक लावताना की सोडताना, एवढंच सांगा आणि ट्रायलला स्वतः शेजारी बसा. काढलेला एक्सल, पॅड, वायर, जे काही बदलतील ते पिशवीत घालून घरी आणा. माझ्याकडं आलात तर मीही देतो, फक्त पिशवी तुमची आणा, ग्रीसनं खराब होते.